कलेच्या आड येणारा कायदा बदलून घ्यायचा असेल तर

'कलावंतांवरची बंधने उठवा' असा ठराव संमेलनात होतो, हात वर होतात, टाळ्या पडतात. ठराव दिल्लीला जातो, त्यावर आवक क्रमांक पडतो आणि तो फाइलीत बसतो. तिथल्या अधिकाऱ्याला त्यावर टिपणी लिहायची असते. कोणत्या कायद्याचे कोणते कलम, त्यातला कोणता शब्द काढायचा आणि त्या जागी काय घालायचे हे ठरावात नसेल, तर तो बिचारा लिहिणार काय? कायदा बदलून घेण्याचे बहुतेक काम या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे. मागणी जितकी लहान आणि नेमकी, तितकी ती पुढे सरकते.

खाली दिलेली पद्धत लेखक, नाट्यसंस्था, चित्रकार, लघुपट करणारे, फडमालक, प्रकाशक अशा कोणालाही वापरता येईल. वकील सोबत असलेला बरा, पण पहिले तीन-चार टप्पे वकिलाशिवाय पार पडतात.

आधी दार ओळखा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांची वाटणी आहे. चित्रपटांना प्रदर्शनासाठी मंजुरी देणे हा संघसूचीतला विषय आहे, नोंद ६०. कॉपीराइटही केंद्राकडे, नोंद ४९. नाट्यगृहे आणि नाट्यप्रयोग मात्र राज्यसूचीत येतात, नोंद ३३. फौजदारी कायदा आणि पुस्तके, वृत्तपत्रे, छापखाने हे समवर्ती सूचीत आहेत, नोंद १ आणि ३९. अर्ज लिहायला बसण्याआधी ही वाटणी तपासा. नाही तर सहा महिन्यांनी 'हा राज्याच्या अखत्यारीतील विषय आहे' असे एका ओळीचे उत्तर येते.

आपल्याकडचे नाटकांचे उदाहरण यासाठी समजून घेण्यासारखे आहे. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा ब्रिटिशांनी आणला. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० साली बंदी आली ती त्याच राजवटीत. संसदेने जुने कायदे निकालात काढताना हा कायदाही रद्द केला आणि त्या निरसन अधिनियमाला जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. नाटकाची सेन्सॉरशिप संपली असे त्या वेळी अनेकांना वाटले. पण महाराष्ट्रात नाटकाची संहिता तपासणारे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ १८७६ च्या कायद्यावर उभे नाही. त्याचा आधार १९५१ च्या पोलीस अधिनियमातले कलम ३३ आणि त्याखालचे नियम हा आहे. अमोल पालेकर यांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले ते या पूर्वपरिनिरीक्षणाला. म्हणजे नाटकवाल्यांना दिल्लीत कितीही यश आले तरी मुंबईतला नियम जसाच्या तसा राहतो. त्यांचे दार विधान भवनाचे आणि राज्याच्या गृह खात्याचे आहे.

मग पायरी ओळखा

एकाच विषयावर अधिनियम, त्याखालचे नियम, त्याखालची मार्गदर्शक तत्त्वे आणि कधी नुसते कार्यालयीन परिपत्रक अशी उतरंड असते. चित्रपटाचे पाहा. १९५२ च्या चलचित्र अधिनियमातले कलम ५ब प्रमाणपत्र कोणत्या कारणांवरून नाकारता येईल ते सांगते. प्रक्रियेचे नियम २०२४ चे आहेत. आणि कापण्या सुचवताना ज्यांचा आधार घेतला जातो ती मार्गदर्शक तत्त्वे ६ डिसेंबर १९९१ च्या अधिसूचनेतली आहेत. द्व्यर्थी शब्दांवरचे कलम या तत्त्वांत आहे, अधिनियमात नाही. ते बदलायला संसदेची गरज नाही; माहिती व प्रसारण मंत्रालयाची नवी अधिसूचना पुरते. तरीही अनेक जण 'चलचित्र अधिनियम बदला' अशी मागणी करत राहतात आणि वर्षानुवर्षे विधेयकाची वाट पाहतात.

नियम ही मधली पायरी फार कमी लोक वापरतात. केंद्र सरकारने केलेले नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ३० दिवस ठेवावे लागतात आणि दोन्ही सभागृहांचे एकमत झाले तर ते बदलता किंवा रद्द करता येतात. प्रत्यक्षात असे क्वचित घडते. पण दोन्ही सभागृहांत असे नियम तपासणारी दुय्यम विधानविषयक समिती असते आणि 'हा नियम मूळ अधिनियमाच्या बाहेर जातो' हे तिच्यापुढे मांडता येते. नियम राजपत्रात आला त्या आठवड्यातच हे काम हाती घ्या.

मूळ मजकूर इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावरून घ्या. पुस्तकांच्या दुकानातली जुनी प्रत वापरू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि सगळे क्रमांक बदलले. धार्मिक भावना दुखावण्याचे २९५अ आता २९९ आहे, गटागटांत वैर वाढवण्याचे १५३अ आता १९६, अश्लील मजकुराचे २९२ आता २९४, अफवा व चिथावणीचे ५०५ आता ३५३. निवेदनात जुना क्रमांक असला की वाचणारा तिथेच समजतो की लिहिणाऱ्याने कायदा उघडलेला नाही.

पुरावा: दहा प्रकरणे, पण पक्की

लाखभर सह्यांपेक्षा कागदपत्रांसह नोंदवलेली दहा प्रकरणे जास्त उपयोगी पडतात. सह्या लोकभावना दाखवतात. कायदा नेमका कुठे मोडतो ते प्रकरणांतून कळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत कलमवार संख्या मिळते, पण त्यातले किती गुन्हे कविता, चित्र किंवा प्रयोगावरून दाखल झाले ते मिळत नाही. ती नोंद कलावंतांच्या संघटनांनीच ठेवायची असते आणि आपल्याकडे ती फार थोड्यांनी ठेवली आहे, हे खटकते.

प्रत्येक प्रकरणाचे एक पान करा. कलाकृती कोणती आणि तिला हरकत कोणी घेतली; आदेश किंवा नोटीस कोणत्या तारखेची, कोणत्या कलमाखाली, कोणाच्या सहीची; पहिल्या कागदापासून निकालापर्यंत किती दिवस गेले; वकील, प्रवास, रद्द प्रयोगाचे भाडे, नव्याने केलेले संकलन यांवर किती खर्च झाला; शेवटी काय झाले. प्रत्येक आकड्याला कागद हवा. पावती नसेल तर तो आकडा गाळा. ज्याचे प्रकरण आहे त्याची लेखी संमती घ्या आणि खटला चालू असेल तर त्याच्या वकिलाला पान दाखवून मगच वापरा. आरोपीने बाहेर दिलेले विधान न्यायालयात त्याच्यावरच उलटू शकते.

तोंडी दबाव हा यातला सर्वांत अवघड भाग आहे. पोलीस ठाण्यातून फोन येतो, 'प्रयोग पुढे ढकला', आणि कागद कुठेच नसतो. अशा वेळी त्याच दिवशी ठाण्याला ईमेल पाठवा: 'आज अमुक वाजता दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेनुसार आम्ही प्रयोग थांबवत आहोत. ही सूचना कोणत्या तरतुदीखाली आहे ते कृपया कळवावे.' उत्तर आले तर पुरावा, न आले तरी पाठवलेला ईमेल पुरावा.

उरलेले माहितीच्या अधिकारातून मिळवा. केंद्राच्या कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये आणि अर्ज ५०० शब्दांपर्यंत. महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांसाठी एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. दोन विषय एकत्र केले तर अधिकारी पहिल्याच विषयाचे उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतो. 'का' विचारू नका, कारण मत किंवा स्पष्टीकरण देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. संख्या, तारखा, आदेशांच्या प्रती मागा. 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असे उत्तर आले तर दस्तऐवजांची पाहणी मागा: केंद्राच्या नियमांनुसार पहिला तास विनामूल्य, पुढे दर तासाला ५ रुपये आणि प्रतीसाठी पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास पहिले अपील ३० दिवसांत करा. इथे आळस केलात तर सगळा अर्ज वाया जातो.

दोन पानांचे टिपण

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टिपणाचे चार भाग पुरतात. आजचे कलम जसेच्या तसे. त्यामुळे काय होते, प्रकरणांच्या आधारे. कोणते शब्द बदलायचे. बदल केल्याने सरकारचे काय बिघडत नाही. शेवटचा भाग गाळला तर टिपण पडून राहते, कारण वरिष्ठ पहिला प्रश्न तोच विचारतात.

एक नमुना घेऊ. कविता किंवा व्यंगचित्रावरून कलम १९६, २९९ किंवा ३५३(१) खाली गुन्हा दाखल झाला, तर फौजदारी प्रक्रिया ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ नुसार सरकारची पूर्वमंजुरी असल्याशिवाय न्यायालयाला दखल घेता येत नाही. उथळ खटले गाळण्यासाठीची ही चाळणी जुन्या संहितेतही होती. अडचण अशी की ती दखल घेण्याच्या टप्प्यावर लागते. प्राथमिकी (एफआयआर), अटक, संगणक व मोबाइलची जप्ती त्याआधीच होऊन जाते. मंजुरी पुढे नाकारली गेली तरी माणसाची शिक्षा भोगून झालेली असते. मागणी परंतुकाच्या, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादाच्या, रूपात अशी लिहिता येईल:

'कलम २१७ च्या पोटकलम (१) नंतर पुढील परंतुक घालावे: परंतु, कलम १९६, कलम २९९ किंवा कलम ३५३ चे पोटकलम (१) याखालील आरोप केवळ पुस्तक, कविता, चित्र, नाट्यप्रयोग, गीत किंवा चलचित्र यांच्या आशयावर आधारलेला असेल, तेव्हा अशी पूर्वमंजुरी मिळण्यापूर्वी कोणत्याही व्यक्तीस अटक केली जाणार नाही.'

यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. तो नसेल तर गृह खाते विचारेल, दंगलीत वाटलेले पत्रकही कविताच म्हणायचे का? 'केवळ आशयावर' म्हटले की जमाव जमवणे, शस्त्र बाळगणे अशी वेगळी कृत्ये आपोआप बाहेर राहतात. कलाकृतींची यादी मोघम ठेवू नका. 'सर्जनशील अभिव्यक्ती' असा शब्द घातला की तिची व्याख्या करण्यातच समितीच्या दोन बैठका जातात. आणि मागणी गुन्हा रद्द करण्याची नाही, अटकेची वेळ बदलण्याची आहे. कलम २९९ रद्द करा म्हणणाऱ्याला सभागृहात दहा मते मिळणे अवघड. या परंतुकाला मात्र सत्ताधारी बाकांवरही ऐकणारा सापडू शकतो.

आधार भक्कम द्या. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कवी आणि खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द केला. तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या आरोपांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते आणि अभिव्यक्तीच्या प्रकरणांत ती करणे उचित, असे त्या निकालात म्हटले आहे. न्यायालयाने जे 'उचित' म्हटले ते संसदेने 'अनिवार्य' करावे ही दुसरी मागणी याच निकालातून निघते. पहिली मान्य होत नसेल तर मागे सरकायला ही जागा हाताशी ठेवा, पण पहिल्या बैठकीत दोन्ही पत्ते उघडू नका.

चित्रपटवाल्यांसाठी वेगळे टिपण हवे. एप्रिल २०२१ मध्ये एका अध्यादेशाने चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण बंद झाले. आता चित्रपट प्रमाणन मंडळाच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत थेट उच्च न्यायालयात जावे लागते. मोठ्या निर्मात्याला ते झेपते. माहितीपट करणारा मात्र खर्चाचा अंदाज ऐकून कापण्या मान्य करतो. इथे मागणी चलचित्र अधिनियमातल्या अपिलाच्या कलम ५क बद्दलची आहे आणि तिच्यासोबत न्यायाधिकरणाकडे पूर्वी गेलेल्या अपिलांचे निकाल जोडले तर मुद्दा स्वतः बोलतो. सरकारने नेमलेल्या समित्यांचाही आधार घ्या. न्यायमूर्ती मुद्गल समितीने २०१३ मध्ये आणि श्याम बेनेगल समितीने २०१६ मध्ये अहवाल दिले आहेत. सरकारच्या समितीनेच सांगितलेले पुन्हा सांगणे हा सर्वांत कमी विरोधाचा रस्ता.

टिपण इंग्रजीत किंवा हिंदीत द्या, मराठी प्रत आपल्या लोकांसाठी आणि वृत्तपत्रांसाठी ठेवा. मराठी परिभाषा भाषा संचालनालयाच्या न्यायव्यवहार कोशातून घ्या, म्हणजे 'परंतुक'ऐवजी 'अट' असा गोंधळ होणार नाही.

संसदेत शिरण्याच्या वाटा

महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत, गोव्याचे २ आणि १. सगळ्यांना एकच पत्र पाठवणे म्हणजे कोणालाच न पाठवणे. संबंधित स्थायी समितीवर कोण आहे ते आधी पाहा: चित्रपट व प्रसारण दळणवळण व माहिती तंत्रज्ञान समितीकडे, फौजदारी कायदे गृह समितीकडे, कॉपीराइट वाणिज्य समितीकडे. आपल्या भागातला खासदार त्या समितीवर असेल तर बाकी कामे बाजूला ठेवून त्याला गाठा. राज्यसभेतल्या १२ नामनिर्देशित सदस्यांत कलाक्षेत्रातले कोणी असेल तर तेही.

खासदाराकडून सुरुवातीला भाषण मागू नका, प्रश्न मागा. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, प्रश्न साधारण १५० शब्दांपेक्षा मोठा चालत नाही आणि त्यात मत मागता येत नाही. तोंडी उत्तराचे तारांकित प्रश्न दिवसाला २० च असतात, लेखी उत्तराचे अतारांकित २३०. म्हणून अतारांकितच मागा. त्याचे लेखी उत्तर कायमचे अभिलेखात राहते आणि पुढच्या टिपणात वापरता येते. प्रश्न तुम्हीच तयार करून द्या: 'गेल्या तीन वर्षांत कलम २९९ खाली केंद्रशासित प्रदेशांत किती प्रकरणांत अभियोगास मंजुरी मागितली, किती दिली, किती नाकारली, सरासरी किती दिवस लागले?' असे उपप्रश्न अ, ब, क, ड करून. राज्याच्या पोलिसांची आकडेवारी केंद्राला विचारली तर 'पोलीस हा राज्याचा विषय' हे उत्तर ठरलेले असते. म्हणून ती विधानसभेत विचारून घ्या.

लोकसभेकडे याचिका हा नागरिकांचा स्वतःचा मार्ग आहे, आणि तो तांत्रिक चुकांमुळेच बंद पडतो. याचिका हिंदी किंवा इंग्रजीत हवी. मराठीत लिहिलीत तर यांपैकी एका भाषेतला सही केलेला अनुवाद जोडावा लागतो. ती सभागृहात मांडणाऱ्या सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. सह्यांची पाने वेगळी असतील तर प्रत्येक पानाच्या वर मूळ विनंती पुन्हा लिहावी लागते, आणि मूळ पानावर किमान एक सही हवी. पत्रे, प्रतिज्ञापत्रे, कात्रणे जोडायची नाहीत; ती जोडली म्हणूनच चांगल्या याचिका परत येतात. जो विषय न्यायालयापुढे आहे तो घेतला जात नाही.

खासगी सदस्य विधेयकाबद्दल, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाबद्दल, अपेक्षा बेताची ठेवा. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० साली. तरीही ते मांडून घ्यावे, कारण विधेयक चर्चेला आले तर मंत्र्याला उत्तर द्यावे लागते आणि सरकारची हरकत नेमकी कशाला आहे ते कळते.

मसुदा आला की घड्याळ सुरू होते

२०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसाठी खुला हवा. धोरण बंधनकारक नाही आणि ते पाळले जातेच असे नाही. चलचित्र कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा १८ जून २०२१ ला आला तेव्हा हरकतींसाठी २ जुलैपर्यंतच वेळ होता. प्रमाणपत्र दिलेला चित्रपट पुन्हा तपासायला लावण्याचा अधिकार केंद्राला देणारे परंतुक त्यात होते. देशभरातल्या चित्रपटकर्त्यांनी हरकती घेतल्या, आणि शंकरप्पा खटल्यातला २००० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या अधिकाराच्या थेट विरोधात होता. २०२३ साली संसदेने मंजूर केलेल्या दुरुस्तीत ते परंतुक नाही, उलट केंद्राचा पुनर्विलोकनाचा जुना अधिकारही काढला गेला. या लढ्यातून शिकायचे ते हे: विरोध एका परंतुकावर एकवटला होता आणि निकाल हातात होता.

प्रसारण सेवा विधेयकाचे उलटे झाले. १० नोव्हेंबर २०२३ चा मसुदा सर्वांसाठी खुला होता, पण २०२४ च्या मध्यात सुधारित मसुदा मोजक्या लोकांना जलचिन्ह घातलेल्या प्रतींतून दाखवला गेला. त्यात समाजमाध्यमांवर एकट्याने काम करणारेही येतील अशी धास्ती पसरली. ऑगस्टमध्ये मंत्रालयाला नवा मसुदा आणण्याचे जाहीर करावे लागले आणि हरकतींची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढली. अशा वेळी फुटलेल्या प्रतीवर कलमवार हरकती पाठवू नका, कारण 'असा मसुदाच नाही' म्हणून त्या फेटाळल्या जातात. आधी अधिकृत मसुदा जाहीर करण्याची मागणी पाठवा.

हरकती कलमवार तक्त्यात द्या: कलम, मसुद्यातले शब्द, हरकत, सुचवलेले शब्द. ईमेल करा आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टही. शेवटच्या दिवसाच्या तीन दिवस आधी पाठवा. एकच मजकूर शेकडो लोकांनी पाठवला तर तो सहसा एकच हरकत म्हणून मोजला जातो. म्हणून नाट्यसंस्थेने रंगमंचाचा, प्रकाशकाने छपाईचा, ध्वनिमुद्रकाने स्टुडिओचा अनुभव आपापल्या शब्दांत लिहावा.

स्थायी समितीने निवेदने मागवली तर मुदत बहुतेक वेळा पंधरा दिवसांची असते. निवेदनात 'समितीपुढे तोंडी साक्ष देण्याची इच्छा आहे' हे वाक्य स्वतंत्र ओळीत लिहा, नाही तर बोलावणे येत नाही. आणि एक पथ्य: समितीला दिलेले निवेदन समितीचा दस्तऐवज होतो आणि गोपनीय राहतो. ते उत्साहाच्या भरात समाजमाध्यमांवर टाकले तर संसदेच्या विशेषाधिकाराच्या भंगाचा प्रश्न उभा राहू शकतो. वृत्तपत्रांसाठी वेगळा लेख लिहा.

न्यायालय आणि संसद एकाच वेळी?

शक्यतो नको. याचिका दाखल होताच मंत्री 'विषय न्यायप्रविष्ट आहे' म्हणून उत्तर टाळतात. न्यायालयाच्या मर्यादाही ओळखा. जुने २९५अ १९५७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने वैध ठरवले आहे, चित्रपटाची पूर्वतपासणी १९७० मध्ये के. ए. अब्बास खटल्यात. २०१५ च्या देविदास तुळजापूरकर खटल्यात, एका मराठी कवितेच्या निमित्ताने, ऐतिहासिक आदरणीय व्यक्तींबाबत अश्लीलतेची कसोटी अधिक कडक लावली गेली. हे निकाल उलटवायला मोठे पीठ लागेल. संसदेला मात्र वैध कायदाही बदलता येतो. तो घटनाबाह्य आहे हे आधी सिद्ध करावे लागत नाही. म्हणून निवेदनात 'घटनाबाह्य' हा शब्द जपून वापरा. त्यापेक्षा 'अनुच्छेद १९(२) मध्ये बंधनाची आठ कारणे आहेत आणि दुखावलेली भावना त्यांत नाही' हे वाक्य अधिक काम करते.

आपल्यातल्या आपल्यात

लढे बाहेरून कमी आणि आतून जास्त मोडतात. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला की तो करारातून सोडून देता येत नाही. त्या लढ्यात निर्माते समोरच्या बाजूला होते. सेन्सॉरच्या लढ्यात निर्माते आणि लेखक एका बाजूला असतात. म्हणून दोन्ही मागण्या एका निवेदनात बांधू नका.

सह्या घेताना तीन गोष्टी तपासा. हौशी रंगभूमीवरचे अनेक जण शासकीय नोकरीत असतात आणि त्यांना सेवा वर्तणूक नियमांत सरकारी धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. त्यांचे नाव सहीत न घेता त्यांचे मसुदालेखनाचे कौशल्य घ्या. परदेशातून मदत येत असेल तर परकीय योगदान कायद्याची नोंदणी असल्याशिवाय एक रुपयाही स्वीकारू नका. नोंदणीकृत वृत्तपत्राचे व्यंगचित्रकार आणि स्तंभलेखक यांना तर अशी मदत घेण्यास थेट मनाई आहे. लंडन-न्यू जर्सीच्या मराठी मंडळांतल्या मित्रांनी पैशांऐवजी अनुवाद आणि तुलनात्मक कायद्याची माहिती पाठवलेली बरी. तिसरे, सहीच्या पत्रकावर कोणत्याही पक्षाचे चिन्ह किंवा नेत्याचे छायाचित्र नको. सत्ता बदलते, टिपण तेच राहते.

आणि बालकांचा प्रश्न टाळू नका. 'मुलांनी हे पाहायचे का?' हा सवाल प्रत्येक बैठकीत येतो. २०२३ च्या दुरुस्तीने ७, १३ आणि १६ वर्षांवरच्या वेगळ्या यूए (पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याच्या) श्रेणी आणल्या आहेत. वय सांगणारी श्रेणी असताना प्रौढांसाठीच्या कलाकृतीत कापणी कशासाठी, असा प्रतिप्रश्न तयार ठेवा.

मंजुरीनंतर

विधेयक मंजूर झाले की सभागृहाबाहेर पेढे वाटले जातात आणि संघटना विखुरते. इथेच सर्वाधिक नुकसान होते. अधिनियमाच्या पहिल्या कलमात 'केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे नेमील अशा दिनांकास अंमलात येईल' असे असते. ती अधिसूचना निघाली का ते राजपत्रात दर आठवड्याला पाहा. मग नियम. २०२३ च्या चलचित्र दुरुस्तीचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. कॉपीराइटची दुरुस्ती २१ जून २०१२ ला अंमलात आली, पण गीतकार-संगीतकारांच्या संस्थेची नव्या कायद्याखाली नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. हक्क कागदावर होता, तो वसूल करणारी व्यवस्था पाच वर्षांनी आली.

म्हणून मंजुरीच्या दिवशीच दोन जणांना नेमून ठेवा. एकाने अंमलबजावणीची तारीख आणि नियमांचा मसुदा यांवर लक्ष ठेवायचे, मसुद्यावर हरकती पाठवायच्या आणि सहा महिन्यांत काही न हलल्यास माहितीच्या अधिकारात फाइलीची स्थिती विचारायची. दुसऱ्याने नव्या तरतुदीचे साध्या मराठीतले एक पान करून नाट्यगृहांची कार्यालये, फड, प्रकाशनसंस्था आणि जिल्ह्यातली पोलीस ठाणी इथे पोहोचवायचे. ठाण्यातल्या अंमलदाराला नवे परंतुक माहीत नसेल तर अटक जुन्याच रीतीने होते. ते पान टेबलावर असेल तर निदान वरिष्ठांना फोन लागतो.